शिकारी श्वापदाची वंशावळ



शतक पाहिलेल्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर एखाद्या संतकवीचा अथवा कादंबरीकाराचा विचार व्हावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र एका खेळातील हिंस्र श्वापद हा आहे. प्रथमदर्शनी तो पोरकट वाटेल. परंतु एका ग्रंथाचे दुसऱ्या ग्रंथावरील ऋण कोणी व कसे लक्षात ठेवावे, हा ग्रंथालयाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न या श्वापदाच्या कुळकथेत दडलेला आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. बुद्धिबळाप्रमाणे येथे एकाची जीत आणि दुसऱ्याची हार नसते. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका घेऊन त्या प्रसंगात आपण काय करू ते सांगतात. आणि यशापयशाचा निर्णय फाशांवर होतो. म्हणजे हा खेळ वस्तुतः अनेकांनी मिळून रचलेली तोंडी कथा होय. अशा कथेला वाटेत आडवी येणारी श्वापदे लागतात. ती पुरविण्यासाठी गायगॅक्स यांनी पुराणे, लोककथा आणि विज्ञानकथा यांतून मुक्तहस्ताने उचल केली.

१९७५ साली निघालेल्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत ‘डिस्प्लेसर बीस्ट’ हे श्वापद प्रथम अवतरले. प्यूमासारखी देहयष्टी, सहा पाय, आणि खांद्यांतून निघालेले दोन लांब, लवचीक, चाबकासारखे शुंडाकार अवयव असे त्याचे रूप आहे. त्याचे खरे सामर्थ्य निराळेच आहे. ते जेथे दिसते तेथे ते नसते. खेळाच्या जुन्या नियमांनुसार त्याची प्रतिमा प्रत्यक्ष देहापासून सुमारे ३ फूट दूर दिसत असे. साहजिकच त्याच्यावर उगारलेले शस्त्र रिकाम्या हवेत फिरते आणि घाव मात्र भलत्याच बाजूने येतो. मराठी मुलखात रानात वाट हरवलेल्या माणसाला ‘चकवा लागला’ असे म्हणतात. तेथे वाट चकवते. येथे शिकार करणारा स्वतःच चकवतो. खेळाच्या जुन्या नियमांत ही सारी भीती एका लहानशा आकड्यात मावत असे: प्रहार करणाऱ्याच्या फाशातून २ वजा करावेत. एवढ्या वजाबाकीने खेळणाऱ्यांच्या पोटात गोळा उभा राहत असे, हे त्या कल्पनेचे यश होय.

आता या श्वापदाचे कुळ पाहू. जुलै १९३९ मध्ये ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकन मासिकात ‘ब्लॅक डिस्ट्रॉयर’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिचे लेखक ए. ई. व्हॅन व्होग्ट हे मूळचे कॅनडाचे, आणि ही त्यांची प्रसिद्ध झालेली पहिली विज्ञानकथा होती. एका उजाड ग्रहावर कोर्ल नावाचा काळा, मार्जारकुळीचा प्राणी उपाशी भटकत असतो. त्याच्याही खांद्यांतून दोन शुंडा निघालेल्या आहेत. तेवढ्यात शास्त्रज्ञांचे अंतराळयान उतरते आणि त्याला भक्ष्य दिसते. विशेष हा की कथा त्या श्वापदाच्याच दृष्टीने सुरू होते. त्याची भूक, त्याची धूर्तता, आपले सामर्थ्य लपविण्याची त्याची धडपड वाचक आतून अनुभवतो. त्याच्या पराभवात शस्त्रांइतकाच वाटा कोरिता नावाच्या जपानी पुरातत्त्ववेत्त्याच्या इतिहासज्ञानाचा आहे. ही कथा पुढे १९५० साली ‘द व्हॉयेज ऑफ द स्पेस बीगल’ या पुस्तकात समाविष्ट झाली.

हे साम्य योगायोगाचे नाही, असे खेळाचे अभ्यासक मानतात. मात्र ही निव्वळ नक्कल आहे, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. कोर्लचे पाय चार. खेळाने सहा केले. दिसण्याचे आणि असण्याचे स्थान वेगळे, ही करामतही कोर्लजवळ नव्हती. उलट कोर्लजवळ जे होते ते खेळात हरवले. त्याची भूक आणि त्याचे मन आकड्यांच्या कोष्टकात मावले नाही. २०१४ च्या आवृत्तीत या श्वापदाला नवा पूर्वेतिहास मिळाला: अद्भुत लोकातील एका क्रूर दरबाराने शिकारीसाठी ते पाळले, आणि पुढे ते निसटले. म्हणजे कथेतून खेळात आलेल्या प्राण्याला खेळाने पुन्हा कथा दिली. जपानच्या ‘फायनल फँटसी’ या संगणकीय खेळमालेत तर १९८८ पासून कोर्ल आपल्या मूळ नावानिशीच वावरतो.

परंतु ऋणाचे काय? १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’ या ग्रंथाच्या परिशिष्टात गायगॅक्स यांनी आपल्याला प्रेरणा देणाऱ्या लेखकांची यादी दिली. खेळाच्या पुस्तकाने वाचकाला ग्रंथालयाकडे धाडावे, ही गोष्ट खरोखर गौरवाची. त्या यादीत व्हॅन व्होग्ट यांचे नाव मात्र नाही. पुढे खेळाची मालकी दुसऱ्या कंपनीकडे गेली. २००० सालच्या सुमारास तिने खेळाचे बरेचसे नियम सर्वांना वापरण्यास खुले केले. मात्र काही मोजकी श्वापदे स्वतःची मत्ता म्हणून राखून ठेवली. त्यांत डिस्प्लेसर बीस्ट होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत व्हॅन व्होग्ट निवर्तले. उसने घेतलेल्या श्वापदाभोवती कुंपण पडले, आणि ते ज्याच्या रानातून आले त्याचे नाव कुंपणाबाहेर राहिले.

येथे शरभाचे स्मरण होते. संस्कृत वाङ्मयातील हा अष्टपाद प्राणी सिंहालाही भारी मानला गेला. महाभारताच्या शांतिपर्वात एका ऋषीच्या आश्रयाला आलेला कुत्रा क्रमाक्रमाने बिबट्या, वाघ, हत्ती, सिंह आणि शेवटी शरभ होतो. मग तो आश्रयदात्यालाच खाऊ पाहतो आणि पुन्हा कुत्रा होतो. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या दरवाजांवर पाथरवटांनी शरभ कोरला, तो कोणाचीही अनुज्ञा न मागता. शरभाला कर्ता नाही, म्हणून त्याचे ऋण सर्वांचे आहे. कोर्लला कर्ता आहे, म्हणून त्याचे ऋण नाव घेऊनच फेडावे लागते.

कल्पना उसनी घेणे हा गुन्हा नव्हे. साहित्याची सारी परंपरा अशा उसनवारीवरच उभी आहे. गुन्हा असेल तर तो विस्मृतीचा. न्यायालय नावाचे आणि चित्राचे रक्षण करू शकेल. वंशावळ राखण्याचे काम मात्र ग्रंथालयाचे आहे. उद्या एखादा मुलगा फाशांची पिशवी खिशात घेऊन या दारात येईल आणि त्या सहा पायांच्या श्वापदाविषयी विचारील. त्याला हसून परत पाठवू नये. १९३९ ची ती कथा त्याच्या हाती द्यावी, आणि तिच्या शेजारी महाभारताचे शांतिपर्वही ठेवावे. त्याचे श्वापद कोठून आले, हे ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवशी ग्रंथालयाला एक नवा सभासद मिळालेला असेल.