हवा गेली की ब्रेक लागतो



आजचा विषय सीडीएल, म्हणजे इथल्या ट्रक परवान्याची लेखी परीक्षा. मी ट्रक चालवत नाही, मी सॉफ्टवेअरवाला. तुमच्यापैकी बरेच जण इथे न्यू जर्सीत टॅक्सी चालवतात, आणि दोघा-तिघांनी तर गावी असताना दहा चाकी गाडी घेऊन खंबाटकी आणि बोरघाट उतरलेले आहेत. तेव्हा गाडी कशी चालवायची हे मी सांगणार नाही. पुस्तक कसं वाचायचं, एवढंच सांगतो.

आधी आकडे. जनरल नॉलेजचे 50 प्रश्न, त्यातले 40 बरोबर हवेत. एअर ब्रेकचे 25 पैकी 20, ट्रेलर जोडलेल्या गाडीचे, म्हणजे कॉम्बिनेशनचे, 20 पैकी 16. पास झालात की शिकाऊ परमिट मिळतं, आणि ते हातात आल्यावर प्रत्यक्ष चाचणीआधी किमान 14 दिवस जावे लागतात. 7 फेब्रुवारी 2022 पासून नवख्या माणसाला नोंदणी असलेल्या केंद्रात प्रशिक्षण घेणंही सक्तीचं आहे. वर्क परमिटवर असलेल्यांनी आधी आपली कागदपत्रं परवान्याला चालतात का ते विचारून घ्या. 2025 पासून तिथे फार कडक झालंय. मगच क्लासची फी भरा.

आता त्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रश्नांच्या फोटोंबद्दल. आमच्या धंद्यातही सर्टिफिकेटच्या परीक्षांचे असे गठ्ठे मिळतात. पाठ करणारा पास होतो आणि पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. आमच्याकडे त्यामुळे एखादी वेबसाइट बंद पडते. तुमच्या मागे 80,000 पौंडांपर्यंतचं, म्हणजे 36 टनांचं, वजन असणार आहे.

एअर ब्रेकचंच घ्या. काही जण म्हणतात, हा पेपर अवघड, नंतर देऊ. पण तो दिला नाही तर परवान्यावर ‘एल’ हे अक्षर पडतं, आणि हवेच्या ब्रेकची गाडी चालवता येत नाही. मोठे ट्रेलर ओढणाऱ्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना हवेचेच ब्रेक असतात, मग त्या परवान्याचा उपयोग काय?

या प्रकरणात आकडे खूप आहेत, पण त्यांच्या मागे एकच गोष्ट आहे. पार्किंग ब्रेक लावते ती जाड स्प्रिंग. हवा तिला दाबून मागे धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की आकडे आपोआप रांगेत उभे राहतात. साधारण 125 पीएसआयला कॉम्प्रेसर हवा भरणं थांबवतो, 100 च्या आसपास पुन्हा सुरू करतो. 60 च्या खाली जाण्याआधी धोक्याचा दिवा किंवा बझर लागायला हवा. (तुमच्या पुस्तकात 55 छापलं असेल तर 55 लिहा, वाद घालू नका.) 20 ते 45 च्या दरम्यान स्प्रिंग स्वतःच गाडी जखडते. तुम्ही उतारावर असाल तर ती जागा तुम्ही निवडलेली नसेल. म्हणून दिवा लागताच, हवा शिल्लक असतानाच, सुरक्षित जागी थांबायचं.

दुसरी गोष्ट अंतराची. ताशी 55 मैल, म्हणजे 88 किलोमीटर वेग असेल, तर धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत 450 फुटांहून जास्त रस्ता जातो. त्यातले 32 फूट तर हवा नळीतून चाकापर्यंत पोचेपर्यंतच गेलेले असतात. टॅक्सीच्या पायाला ही सवय नसते.

आणि घाट. आपल्याकडे डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे कितीतरी जण आहेत, इथे बसलेल्यांनी हसू नका. पुस्तक सांगतं, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. इंजिनालाच गाडी धरू द्या. ब्रेक हा त्याच्या मदतीला. सुरक्षित वेग 40 मैल असेल, तर 40 ला पोचल्यावर ब्रेक दाबून 35 वर आणा, सोडा, पुन्हा 40 झाल्यावर दाबा. सतत दाबून ठेवलात तर ड्रम तापतात आणि ब्रेक धरेनासा होतो. यावर प्रश्न हमखास येतो, आणि जुन्या ड्रायव्हरचं उत्तर हमखास चुकतं, कारण तो सवयीने उत्तर देतो.

मागे बसलेल्या चाचांनी मघाशी विचारलं, इंग्रजीचं काय? चाचा, अवघड इंग्रजी फार नाही. ओळखीचे शब्द दगा देतात. ‘ग्रेड’ म्हणजे इथे मार्क नव्हेत, उतार-चढ. ‘शोल्डर’ म्हणजे रस्त्याची कड. ‘गव्हर्नर’ म्हणजे राज्यपाल नव्हे, कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा भाग. प्रश्नात ‘नॉट’ किंवा ‘एक्सेप्ट’ असेल तर त्यावर बोट ठेवा, मगच पर्याय वाचा. अशा शब्दांची वही करा. दुसऱ्या कुणाची झेरॉक्स नको, स्वतःच्या हाताने लिहा, अर्थ मराठीत, उर्दूत, जसा सुचेल तसा.

इंग्रजी टाळून मात्र चालणार नाही. पाट्या वाचता येणं, अधिकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देता येणं, नोंदी लिहिता येणं ही ड्रायव्हरसाठी केंद्र सरकारच्या नियमातली अट आहे. 25 जून 2025 पासून ती पूर्ण न करणाऱ्याला तपासणीत तिथेच गाडीवरून उतरवतात. माल, गाडी, माणूस, सगळं रस्त्याच्या कडेला. म्हणून पुस्तक इंग्रजीतूनच वाचू, मोठ्याने वाचू, आणि एकमेकांना अधिकारी होऊन प्रश्न विचारू.

मोटर व्हेइकल कमिशनच्या साइटवर पुस्तक फुकट आहे, कुणाला पैसे देऊ नका. पुढच्या रविवारी एअर ब्रेकचं प्रकरण वाचून या. हवा किती गळते याची चाचणी आपण तोंडी करू: इंजिन बंद, ब्रेक सोडलेले, एका मिनिटात एकट्या गाडीला 2 पीएसआयपेक्षा कमी, ट्रेलरसह 3 पेक्षा कमी. पाय दाबून धरला की किती, ते तुम्ही मला सांगायचं.