गोग्रासाचीही परीक्षा हवी



वसुबारसेला घरोघरी सवत्स धेनूचे पूजन होते. जेवणापूर्वी गोग्रास काढून ठेवण्याची रीतही अनेक कुटुंबांनी जपली आहे. परंतु वर्षाचे उरलेले दिवस गोमातेच्या गव्हाणीत काय पडते, याची चौकशी किती जण करतात? गोभक्तीची खरी कसोटी तेथे आहे.

महाराष्ट्राला दुष्काळ नवा नाही. १९७२ ची होरपळ जुन्या पिढीला आठवते. २०१२-१३ मध्ये चारा छावण्या उभाराव्या लागल्या. सुगीतला हिरवा चारा टंचाईसाठी राखण्याचा उत्तम मार्ग म्हणजे मुरघास. चिकात आलेला मका कापून, कुट्टी करून, खड्ड्यात वा पिशवीत दाबून हवाबंद केला की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यातील साखरेवर वाढतात. सामू चारच्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो.

मात्र चारा फार ओला असेल, त्यात माती गेली असेल किंवा हवा राहिली असेल, तर सामू उतरत नाही. मग क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात. ते प्रथिनांचे विघटन करतात आणि त्यातून अमोनिया निर्माण होतो. अशा चाऱ्याला खवट, कुजकट वास येतो. जनावर तो कमी खाते. पोटात गेलेल्या जादा अमोनियाचे यकृताला युरियात रूपांतर करावे लागते. त्यात ऊर्जा खर्च होते आणि नत्र मूत्रावाटे वाया जाते.

येथे एक फसगत लक्षात घेतली पाहिजे. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नत्र मोजण्याची पद्धत शोधली. त्या नत्राला ६.२५ ने गुणून आजही प्रथिनांचा आकडा काढतात. परंतु ही पद्धत अमोनियातील नत्रही प्रथिनांतच धरते! समजा, दोन खड्ड्यांतील मुरघासात एकूण नत्र १.३ टक्के आहे. दोन्ही अहवालांत प्रथिने सुमारे ८.१ टक्के दिसतील. पण एकात त्या नत्राचा सतरावा-अठरावा भाग अमोनियाचा आणि दुसऱ्यात पाचवा भाग असेल, तर पहिला मुरघास पौष्टिक आणि दुसरा कुजलेला. कागदावर दोघे सारखे!

म्हणून अमोनिया नत्राची स्वतंत्र चाचणी हवी. नमुना ओव्हनमध्ये वाळवायचा नाही, कारण उष्णतेने अमोनिया उडून जातो. ताज्या मुरघासाचा पाण्यात अर्क काढतात, त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड घालून ऊर्ध्वपातन करतात. बाहेर पडणारा अमोनिया बोरिक आम्लात पकडून सौम्य आम्लाने अनुमापन करतात. हा आकडा एकूण नत्राच्या साधारणपणे १० टक्क्यांच्या आत असावा; तो १५ च्या वर गेला तर आंबवण बिघडले असे समजावे. मुरघास करताना युरिया मिसळला असेल, तर प्रयोगशाळेला तसे आवर्जून कळवावे. अन्यथा निष्कर्ष चुकेल.

फिनलंडसारख्या लहान राष्ट्राने हा विषय किती गांभीर्याने घेतला! तेथील ए. आय. विर्तानेन यांनी चाऱ्यात आम्ल मिसळून सामू चारच्या खाली आणण्याची पद्धत सिद्ध केली. चारा टिकवण्याच्या या संशोधनाचा विशेष गौरव करून त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आपल्याकडेही ही दृष्टी होती. गांधीजींच्या सांगण्यावरून उरुळीकांचनला राहिलेल्या मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था स्थापन करून गोसेवेला विज्ञानाची जोड दिली. सेवाभाव आणि शास्त्र यांत त्यांना विरोध दिसला नाही.

कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे? गावातील दूध संस्थेला सोबत घ्यावे. खड्डा उघडल्यावर चार-पाच ठिकाणचा मुरघास काढून एकत्र करावा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करावा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे रवाना करावा. खर्च संस्थेने उचलावा. तयार मुरघास विकत घेताना विक्रेत्याकडे प्रथिनांच्या आकड्याबरोबर अमोनियाचा आकडाही मागावा. तो मागणारा शेतकरी गावोगावी उभा राहिला, तर निकृष्ट माल आपोआप मागे पडेल.

गाईला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या ताटात कुजके अन्न वाढू नये. पूजेचे तबक हाती घेणाऱ्याने चाचणीचा अहवालही हाती घ्यावा. तीही गोसेवाच आहे.