जुन्को ताबेई : संसार आणि शिखरे

जुन्को ताबेई या एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या महिला. १६ मे १९७५ रोजी त्या शिखरावर उभ्या राहिल्या तेव्हा त्या ३५ वर्षांच्या होत्या आणि जपानमधल्या घरी त्यांची जेमतेम तीन वर्षांची मुलगी होती. बाईने घर सांभाळावे आणि डोंगर पुरुषांनी चढावेत, अशी त्या काळच्या जपानची सर्वसाधारण समजूत. ताबेई यांनी संसारही केला आणि आयुष्यभर डोंगरही चढले.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १९३९ रोजी फुकुशिमा प्रांतातल्या मिहारू या गावी झाला. माहेरचे आडनाव इशिबाशी. भावंडे सात, घरची स्थिती बेताची आणि जुन्को अंगाने किरकोळ. अशक्त मूल म्हणूनच त्यांची गणना होई. दहाव्या वर्षी शाळेच्या सहलीबरोबर त्या नासू पर्वतावर गेल्या. झाडझाडोरा नसलेले ज्वालामुखीचे माळ आणि गरम पाण्याचे झरे त्यांनी तिथे पहिल्यांदा पाहिले. डोंगर चढताना कुणाशी शर्यत लावावी लागत नाही, आपल्या चालीने गेले तरी माथा गाठता येतो, ही गोष्ट त्यांना तिथे विशेष भावली. पुढे गिर्यारोहण हा खर्चाचा छंद असल्याने शालेय वयात त्यांना फार थोड्या चढाया करता आल्या.

तोक्योच्या शोवा महिला विद्यापीठातून इंग्रजी आणि अमेरिकन साहित्याचा अभ्यास पूर्ण करून १९६२ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि गिर्यारोहकांच्या मंडळांत जाऊ लागल्या. ही मंडळे बहुतेक पुरुषांची. काहींनी त्यांना सांभाळून घेतले. काही जण मात्र बाईबरोबर एका दोरावर चढायला तयार नसत, आणि ही इथे नवरा शोधायला आली आहे, असेही बोलले जाई. मासानोबू ताबेई यांची ओळख डोंगरातच झाली. ते स्वतः कसलेले गिर्यारोहक होते आणि होंडा कंपनीत नोकरीला होते. लग्नानंतरही जुन्को यांचे चढणे चालू राहिले. त्यांच्या दीर्घ मोहिमा या पतीच्या पाठिंब्यावरच उभ्या राहिल्या.

१९६९ मध्ये त्यांनी ‘जोशी तोहान क्लब’ हे महिला गिर्यारोहकांचे मंडळ स्थापन केले. आपल्या बळावर परदेशातल्या शिखरावर जायचे, हे त्याचे ध्येय. पुढच्याच वर्षी मंडळाने नेपाळमधील ७,५५५ मीटर उंचीच्या अन्नपूर्णा-३ वर मोहीम नेली. १९ मे १९७० रोजी जुन्को ताबेई आणि हिरोको हिराकावा यांनी ते शिखर गाठले.

मग एव्हरेस्टसाठी अर्ज केला. एका हंगामात एका मार्गावर एकाच मोहिमेला परवानगी देण्याची त्या वेळी नेपाळची पद्धत होती. जपानी महिलांची पाळी आली १९७५ मध्ये. दरम्यान १९७२ मध्ये मुलगी नोरिको जन्मली. पैशासाठी उद्योगसमूहांचे उंबरे झिजवले, तर बायकांनी मुले वाढवावीत, असा सल्ला मिळाला. अखेर एक वृत्तपत्र आणि एक दूरचित्रवाणी कंपनी यांनी मदत केली, तरीही प्रत्येकीला सुमारे १५ लाख येन स्वतःचे घालावे लागणार होते. ही रक्कम ताबेई यांच्या जवळजवळ वर्षभराच्या कमाईइतकी होती. त्यांनी पियानोच्या शिकवण्या धरल्या. मोटारीवर घालायच्या आच्छादनापासून हातमोजे बेतले आणि जुन्या पडद्यांच्या विजारी शिवल्या. काटकसर आणि शिवणकाम या घरातल्या गोष्टी मोहिमेच्या कामी आल्या.

एइको हिसानो यांच्या नेतृत्वाखाली १५ महिला निघाल्या. ४ मेच्या रात्री ६,३०० मीटर उंचीवरच्या छावणीवर हिमकडा कोसळला. तंबू बर्फाखाली गाडले गेले. ताबेई यांची शुद्ध हरपली आणि शेर्पांनी पाय धरून त्यांना बाहेर ओढून काढले. अंग ठेचून निघाले होते, सुरुवातीला उभेही राहवत नव्हते. पण मोहीम आवरती घेण्यास त्या तयार नव्हत्या.

शेवटच्या टप्प्यासाठी दोन महिलांना पुरेल एवढा प्राणवायू वर नेता आला नाही. एकीचीच निवड करायची होती आणि हिसानो यांनी ताबेई यांचे नाव घेतले. त्यांच्याबरोबर आंग त्सेरिंग शेर्पा होते. माथ्याच्या अलीकडे बर्फाची एक अरुंद, धारदार कड लागली. तिच्याविषयी आधीच्या वृत्तांतांत त्यांना काहीच वाचायला मिळाले नव्हते. शरीराचा वरचा भाग एका उतारावर आणि बूट दुसऱ्या उतारावर रोवून त्यांनी ती सरकत सरकत ओलांडली. हिमकडा कोसळल्याला तेव्हा बारा दिवस झाले होते. त्यानंतर अकराच दिवसांनी, २७ मे रोजी, तीन मुलांची आई असलेल्या तिबेटी गिर्यारोहक फांतोग चिनी मोहिमेतून उत्तरेच्या बाजूने त्याच शिखरावर पोहोचल्या.

नेपाळ आणि जपानमध्ये ताबेई यांचे मोठे सत्कार झाले. स्वतःची ओळख ‘पहिली महिला’ यापेक्षा ‘एव्हरेस्ट चढणारी ३६वी व्यक्ती’ अशी व्हावी, असे त्या म्हणत. मोठ्या प्रायोजकांचा पैसा त्यांनी पुढे टाळला. व्याख्याने, शिकवण्या आणि गिर्यारोहकांना वाट दाखवण्याचे काम यांवर मोहिमांचा खर्च भागवला. १९७८ मध्ये मुलगा शिन्या जन्मला. त्यानंतर १९८० मध्ये किलिमांजारो, १९८७ मध्ये आकोंकाग्वा, १९८८ मध्ये डेनाली, १९८९ मध्ये एल्ब्रुस, १९९१ मध्ये अंटार्क्टिकातले विन्सन आणि १९९२ मध्ये कार्स्टेन्झ पिरॅमिड अशी शिखरे त्यांनी गाठली. सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे चढणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

पुढे एव्हरेस्टवर जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि तिथला कचराही. ताबेई यांनी हाच विषय घेऊन क्युशू विद्यापीठात अभ्यास केला आणि २००० मध्ये, साठी उलटल्यावर, पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. हिमालयाच्या पर्यावरणासाठी काम करणाऱ्या जपानी संस्थेची धुरा त्यांनी वाहिली. पती आणि मुलांना बरोबर घेऊन त्या डोंगरांवरच्या सफाई मोहिमांतही उतरल्या.

२०११ च्या भूकंप आणि त्सुनामीने त्यांच्या जन्मप्रांताची मोठी हानी झाली. दुसऱ्या वर्षापासून त्या आपत्तीग्रस्त भागातल्या शाळकरी मुलांना दर उन्हाळ्यात फुजी पर्वतावर नेऊ लागल्या. त्याच २०१२ साली त्यांना कर्करोगाचे निदान झाले, तरी उपचार घेत त्यांनी चढणे चालू ठेवले. २०१६ च्या जुलैमध्येही त्या मुलांबरोबर फुजीवर होत्या. २० ऑक्टोबर २०१६ रोजी, वयाच्या ७७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुलांना फुजीवर नेण्याचा उपक्रम त्यांच्यानंतरही सुरू राहिला.