इंजिनानं दगा दिलेलं विमान

विमानांच्या गोष्टी निघाल्या की नावं येतात ती काँकॉर्डची, नाहीतर जम्बोची. नॉर २६२ हे नाव तुम्ही बहुधा ऐकलेलं नसेल. दोन पंखे, जास्तीत जास्त २९ प्रवासी, आणि सगळी मिळून बनली जेमतेम ११०. पण छोट्या गावांच्या विमानसेवेचं दुखणं समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

हे टर्बोप्रॉप विमान. म्हणजे इंजिन जेटच्याच जातीचं, पण त्याची ताकद पंखा फिरवायला वापरायची. जवळच्या पल्ल्याला ते स्वस्त पडतं. माक्स ओल्स्त यांच्या चौकोनी धडाच्या विमानाला फ्रान्सच्या नॉर कंपनीनं गोल धड दिलं, कारण आत हवेचा दाब राखायचा तर नळीचा आकार हवा. २४ डिसेंबर १९६२ रोजी ते प्रथम उडालं. पंख वर, चाकं धडाच्या बाजूच्या फुगवट्यांत; त्यामुळे पोट जमिनीलगत. चढण्या-उतरण्याला उंच जिना नको. छोट्या विमानतळाला आणखी काय हवं?

अमेरिकेतल्या लेक सेंट्रल या कंपनीनं १९६५ साली ती घेतली. ओहायो, इंडियाना भागातली लहान गावं जोडणारी ही कंपनी. पण बास्तान नावाची इंजिनं एकामागून एक बिघडू लागली आणि १९६६ साली सगळी विमानं काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. मोठ्या कंपनीचं एक विमान बंद पडलं तर दुसरं पाठवता येतं. इथे उड्डाण रद्द झालं की प्रवासी मोटार काढतो, आणि एकदा मोटारीची सवय लागली की परत येत नाही.

इंजिन बनवणारी तुर्बोमेका कंपनी काही कच्ची नव्हती. आपल्या चेतक आणि चीता हेलिकॉप्टरांना वर्षानुवर्षं तिच्याच आराखड्याची इंजिनं आहेत. इथं मात्र गणित जमलं नाही.

पुढे लेक सेंट्रल अॅलेगेनी कंपनीत विलीन झाली. तिनं नऊ विमानांची इंजिनं बदलून प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची पीटी-६ इंजिनं आणि पाच पात्यांचे पंखे बसवले. अशा पहिल्या विमानाचं उड्डाण जानेवारी १९७५मध्ये झालं. त्याचं नाव मोहॉक २९८. हा आकडा चक्क सरकारी नियमाचा! तीस आसनांपर्यंतच्या विमानांना मार्गाच्या परवान्यातून सूट देणारा तो नियम. विमानाला नियमाचा क्रमांक मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

पण तोवर फ्रान्समधलं उत्पादनच आटोपत आलं होतं.

१९८४ साली फ्रेंच आणि इटालियन कंपन्यांचं एटीआर ४२ उडालं. पंख वर, चाकांना धडाच्या बाजूला फुगवटे. इंजिनं मात्र प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईहून सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावर उतरलेलं पहिलं प्रवासी विमान याच घराण्यातलं, एटीआर ७२.