जांघ, मनगट आणि वॉर्ड : स्वागताध्यक्षांचे भाषण



आपण कोल्हापुरात आहोत. रात्री जेवणात तांबडा-पांढरा रस्सा आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी आजच्या दिवस इतरांच्या वाट्या मोजू नयेत.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाची पहिली अँजिओप्लास्टी केली. तेव्हापासून आपण सगळे पडद्यावरच्या धमन्यांकडेच पाहत आलो. नळी जिथून आत जाते त्या जांघेतल्या छिद्राकडे मात्र वॉर्डातली सिस्टर पाहते. स्टेंट उत्तम बसलेला असतो आणि संध्याकाळी पेशंट म्हणतो, "सिस्टर, कंबर भरून आलीय." पट्टी कोरडी, पण रक्तदाब उतरतोय, नाडी पळतेय. रक्त पोटामागे साचत असते.

असे का होते? अनेकदा सुई फार वर गेलेली असते. मांडीच्या हाडाच्या गोळ्यासमोर धमनी टोचली, की नंतर दाबायला मागे टणक आधार मिळतो. त्याच्या वर तो आधार नाही. फार खाली टोचले तर स्यूडोॲन्युरिझम, म्हणजे धमनीलगत रक्ताचा फुगा, होऊ शकतो, किंवा धमनी आणि शीर एकमेकींत उघडतात. जांघेच्या घडीवर भरवसा ठेवू नका. जाड माणसात ती बरीच खाली उतरलेली असते. सोनोग्राफीचा प्रोब हाताशी असताना अंदाजाने का टोचायचे, हे मला तरी उमगलेले नाही.

माँट्रियलच्या ल्युसियन काँपो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफीचा अनुभव प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनेय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. हार्ट ॲटॅकच्या रुग्णांवरील २०१५ च्या 'मॅट्रिक्स' अभ्यासात मनगटाच्या वाटेने रक्तस्राव कमी झाला, मृत्यूही कमी. म्हणून मनगट आधी, हे माझे स्पष्ट मत. पण नळी काढल्यावर मनगटाचा पट्टा करकचून आवळला तर तीच धमनी बुजते. रक्त थांबावे, प्रवाह नव्हे. आणि रोज मनगटातूनच काम करणाऱ्यांची जांघेची सवय मोडते. झडप बसवायला चौदा फ्रेंचची, म्हणजे साडेचार मिलिमीटरहून रुंद नळी घालायची वेळ येते, तेव्हा जांघेशिवाय सहसा पर्याय नसतो.

वाट कोणतीही असो, छिद्राकडे शेवटी सिस्टरच पाहते. म्हणूनच पहिले सत्र सिस्टर्स आणि तंत्रज्ञांचे ठेवले आहे. वरिष्ठांनी पुढच्या रांगेत बसून ऐकावे, ही यजमान म्हणून माझी विनंती. प्रोबचा सराव दुपारी शेजारच्या दालनात आहे. चहा तयार आहे. दहा मिनिटांत सत्र सुरू करू.