चाचणीचीही परीक्षा हवी



मार्च महिना लागला की लालबागच्या मसाला गल्लीत आधी ठसका लागतो, मग दुकानं दिसतात. बेडगी, संकेश्वरी, धणे, लवंग, दालचिनी घ्यायची, उन्हात वाळवायची, भाजून कांडून आणायची, की वर्षाची बेगमी झाली. आपल्यातल्या कितीतरी जणी आता मसाला करून विकतात. विकायचा म्हटलं की प्रयोगशाळेचा रिपोर्ट येतो आणि त्यात एक ओळ असते, ‘साल्मोनेला : २५ ग्रॅममध्ये आढळला नाही.’ अन्नाच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं ही ओळ लिहिली. आज तिच्याबद्दलच बोलणार आहे.

साल्मोनेला म्हणजे जुलाब, उलट्या, ताप आणणारा जंतू. मोठी माणसं बहुधा निभावतात, पण तान्ह्या मुलाच्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. वाळवणावर पक्ष्यांची घाण पडली, भाजलेल्या मसाल्याला अस्वच्छ हात लागला, की तो शिरतो. कोरड्या मसाल्यात तो वाढत नाही. पण महिनोन्‌महिने तग धरून राहतो.

त्याला शोधायचा कसा? २५ ग्रॅम मसाला २२५ मिलिलिटर पोषक द्रवात घालून रात्रभर उबेत ठेवतात. वाळून अर्धमेला झालेला जंतू आधी सावरला पाहिजे. आजारातून उठलेल्याला आपण पेज देतो ना, तसंच हे. मग इतर जंतूंना रोखणाऱ्या द्रवात आणि शेवटी लाल रंगाच्या बशीत त्याला वाढवतात. तिथे काळ्या ठिपक्याच्या वसाहती दिसल्या की संशय येतो, आणि पुढच्या चाचण्यांनी खात्री होते. असे चार-पाच दिवस जातात.

नोकरीच्या सुरुवातीला गरम मसाल्याचे माझे सगळे रिपोर्ट स्वच्छ यायचे. मला बरं वाटायचं. एक दिवस आमच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, “तूच थोडे जंतू मसाल्यात घाल, आणि सापडतात का बघ.” घातले. बशी कोरी! तेच जंतू नुसत्या द्रवात घातले, तर भरभरून वाढले. पोटात गोळा आला. आधीच्या किती रिपोर्टांवर मी सही केली होती!

चोर होती लवंग. दाढदुखीला आपण धरतो तीच. तिच्यातलं तेल द्रवात उतरलं की जंतू वाढूच शकत नाही. तो असतो, पण दिसत नाही. घरी मात्र चिमूटभर मसाला पातेलंभर ताकात पडतो. तिथे लवंगेचा जोर उरत नाही, आणि जंतू मात्र पोटात जातो.

यावर उपाय आहेत. दालचिनीसाठी शंभरपट द्रव घेतात, लवंगेसाठी हजारपट. म्हणजे २५ ग्रॅम लवंगेला २५ लिटर! कांदा-लसणाच्या पुडीसाठी द्रवात पोटॅशियम सल्फाइट घालतात. आपल्या मालवणी किंवा गोडा मसाल्यात मात्र सगळंच एकत्र असतं. म्हणून त्याच मसाल्यात मोजून मोजके जंतू घालायचे, काही दिवस कोरडे राहू द्यायचे आणि मग शोधायचे. शेजारी जंतू न घातलेला मसाला ठेवायचा, आणि नुसता द्रवही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी पुन्हा करायचं. प्रत्येक वेळी जंतू सापडला, तरच ‘आढळला नाही’ लिहिण्याचा अधिकार मिळतो.

शेजारी ताडून बघायची ही रीत आपल्या परळला नवी नाही. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण तेवढ्यानं लस खरी ठरत नाही, हे ते जाणून होते. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा लस घेतलेले कैदी आणि न घेतलेले कैदी यांची त्यांनी तुलना केली. जागा तीच, अन्न तेच, फरक फक्त लशीचा. पुढे १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था.

तेव्हा मैत्रिणींनो, नमुना देताना दोन प्रश्न विचारा. एनएबीएलच्या मान्यतेच्या यादीत मसाला आणि ही चाचणी आहे का? आणि माझ्यासारख्या मसाल्यात जंतू घालून तुम्ही पद्धत तपासली आहे का? नमुना देताना मसाल्यात काय काय आहे तेही लिहून द्या. विचारायला संकोच नको, पैसे आपण मोजतो.

घरासाठी एवढंच सांगते. वाळवण झाकून घाला, कांडून आणलेला मसाला कोरड्या डब्यात, कोरड्या चमच्यानं भरा. शिजणाऱ्या पदार्थात मसाला उकळीआधी घाला. ताकावर, कोशिंबिरीवर वरून भुरभुरायचा असेल तर जास्त जपा, कारण तिथे जंतूला मारायला विस्तव नसतो.