कामाला जुळेल तो चष्मा



आज आम्ही चष्म्याविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात बोलण्यासारखे काय आहे? कमी दिसू लागले, कोपरगावच्या बाजारात गेलो, एक चष्मा नाकावर ठेवला, झाले. पण चप्पल घेताना आपण माप बघतो. खुरप्याला मूठ बसवताना हात बघतो. मग डोळ्यावर घालायची वस्तू तशीच कशी उचलायची?

आधी प्रौढांच्या वर्गाचेच सांगतो. पंचेचाळीस-पन्नाशीची माणसे हौसेने येतात. चार दिवस बसतात आणि मग म्हणतात, "गुरुजी, ह्या वयात अक्षर डोक्यात शिरत नाही. राहू द्या." अशा माणसाला पुस्तक जरा लांब धरायला सांगावे. पुष्कळदा तो लगेच म्हणतो, "अरे, हा तर 'म' आहे!" म्हणजे अक्षर डोक्यात शिरत होते. डोळ्यालाच ते नीट दिसत नव्हते. माणूस स्वतःला मठ्ठ समजून घरी बसतो, आणि कमी पडत असते ती एक काच. किती जणांचे शिकणे असे फुकट गेले असेल!

असे का होते ते ऐका. डोळ्याच्या बाहुलीमागे एक भिंग असते. तरुणपणी ते मऊ असते. जवळचे बघताना ते फुगते, लांबचे बघताना चपटे होते. वय वाढते तसे ते कडक होत जाते. चाळिशीच्या पुढे ते जवळच्यासाठी पुरेसे फुगत नाही. म्हणून तर आपल्याकडे वाचायच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात. हा रोग नव्हे. केस पिकतात, तसे हे. ज्याला लहानपणापासून लांबचे कमी दिसते, असा एखादा साठीतही चष्म्यावाचून पोथी वाचतो. बाकी सगळ्यांना चाळिशी लागतेच.

कोणी म्हणेल, "आम्ही शेतकरी माणसं. आम्हाला जवळचं काय बघायचं असतं?" असं कसं? तुम्ही कोळपेवाडीला नाहीतर सहजानंदनगरला कारखान्यावर ऊस घालता. काट्याची पावती हातात येते. तीवरचे वजन कोण वाचणार? फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेले असते, किती पाण्यात किती औषध. गोळ्यांच्या पाकिटावर तारीख असते. आणि बायाबापड्यांचे तर सगळेच काम जवळचे. तांदळातले खडे, सुईचे नाक, पोराच्या पायातला काटा. सुईत दोरा ओवून देणारी नात शाळेत गेली की आजीची गोधडी तशीच पडून राहते. तरी घरात चष्मा एकच असतो, आणि तो घरधन्याच्या खिशात असतो. हे काही बरे नाही.

आसामात चहाच्या मळ्यांत ह्याची परीक्षा झाली. निकाल २०१८ साली छापून आला. चाळिशी ओलांडलेले ७५१ मजूर घेतले. निम्म्यांना जवळचे चष्मे आधी दिले, निम्म्यांना मागाहून. सगळे चहाची पाने खुडत होते. चष्मेवाल्यांची खुडणी दुसऱ्यांपेक्षा रोज सुमारे ५ किलोंनी जास्त वाढली. नुसत्या साध्या चष्म्याने! तेव्हा चष्मा हा शिकल्यासवरल्यांचा थाट आहे, हे मनातून काढून टाका.

आता निवडायचा कसा? सगळी गोम अंतरात आहे. जवळच्या चष्म्यातून ठरावीक अंतरावरचेच स्वच्छ दिसते. पुस्तक आपण दोन वितींच्या जरा आत धरतो, म्हणजे ४० सेंटीमीटरच्या आसपास. सुई त्याहून जवळ धरतो, दीड वितीवर. मांडीवरचे सूप पुस्तकापेक्षा लांब असते. दुकानातला संगणक तर तीन विती लांब. काम जितके जवळ, तितका नंबर जास्त लागतो. म्हणून पुस्तकाला बरोबर असलेला चष्मा शिंप्याला मशीनवर अपुरा वाटतो, आणि सुईचा चष्मा लावून पुस्तक नेहमीच्या जागी धरले की अक्षरे पसरतात. शेजारी येवल्याला पैठणी विणतात. मागावर बसणाऱ्याने डोळे तपासताना "वाचायचा चष्मा द्या" एवढेच म्हटले, तर त्याला पुस्तकाचा चष्मा मिळेल, मागाचा नव्हे.

ह्याला एक सोपा उपाय आहे. घरी नेहमीसारखे कामाला बसा. दोऱ्याचे एक टोक डोळ्याच्या कोपऱ्यापाशी धरा, दुसरे कामाच्या वस्तूपर्यंत न्या. तिथे गाठ मारा. डोळे तपासायला जाताना तो दोरा खिशात घेऊन जा आणि सांगा, "मला एवढ्या अंतरावरचं दिसलं पाहिजे." तपासणारा हसणार नाही. उलट त्याचे काम सोपे होईल.

जवळचा चष्मा लावून चालायला मात्र जाऊ नका. त्यातून लांबचे धूसर दिसते. दोन्ही लागत असेल तर दुहेरी काचेचा चष्मा मिळतो. वरच्या भागातून लांबचे, खालच्या भागातून जवळचे. वाण्याच्या दुकानात, बँकेत तो फार सोयीचा. पण विहिरीच्या पायऱ्या उतरताना नजर खाली जाते. खालच्या भागातून पायरी पुसट दिसते, आणि पाय चुकतो. म्हातारी माणसे अशीच पडतात. बांधावरून, पाटाच्या कडेने चालताना लांबचा साधा चष्मा वेगळा असलेला बरा. दोन चष्म्यांचा खर्च होतो खरा, पण मांडीचे हाड मोडले तर त्याचा खर्च कितीतरी मोठा.

नंबर नसलेल्यांनाही काही कामांत चष्मा हवाच. उसाचे पाचट, त्याच्या पानाची धारदार कड, फवाऱ्याचे तुषार, लोखंड कापतानाच्या ठिणग्या ह्यांच्यापुढे उघडा डोळा नेऊ नये. फवारताना चारी बाजूंनी बंद असलेला चष्मा वापरावा. साध्या चष्म्याच्या कडेने औषध आत जाते. पान डोळ्याला लागलेच तर दूध, मध, तेल काही घालू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा जखमेत बुरशी वाढते, डोळ्यात फूल पडते, आणि मग चष्मा काही करू शकत नाही.

काळा चष्मा घ्याल तर त्यावर 'यूव्ही ४००' लिहिलेले बघा. नुसत्या काळ्या काचेआड बाहुली मोठी होते. काच उन्हातले अपायकारक किरण अडवणारी नसेल, तर ते जास्तच आत शिरतात. रात्री गाडी चालवताना काळा चष्मा नकोच.

रस्त्यावरचा तयार चष्मा घ्यावा का, असे पुष्कळजण विचारतात. त्याच्या दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात. लांबचे छान दिसत असेल आणि दोन्ही डोळे सारखे असतील तर तो चालतो. चुकीच्या नंबराने मोठ्या माणसाचा डोळा बिघडत नाही, डोके मात्र दुखते. भीती आहे ती निराळीच. चष्मा मिळाला म्हणून माणूस डोळे तपासायला जातच नाही. काचबिंदू सहसा दुखत नाही, आणि कडेची नजर हळूहळू खात येतो. साखरेच्या आजारात डोळ्याचा पडदा बिघडतो. हे सारे तपासणीतच कळते. नंबर सारखा बदलू लागला, तर मोतीबिंदू किंवा साखर असू शकते.

आपल्या देशात १९७६ सालापासून अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते. शाळेतल्या मुलांना आणि वयस्कर माणसांना चष्मे देण्याचीही सोय आहे. ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा. चाळिशीनंतर दोन वर्षांतून एकदा तरी तपासा. साखरेचा आजार असेल तर दरवर्षी.

आणि चष्मा आला की तो पदराने नाहीतर धोतराच्या सोग्याने कोरडा पुसू नका. आपल्याकडची धूळ बारीक वाळूसारखी असते, काचेवर चरे पडतात. आधी पाणी सोडा, धूळ वाहून जाऊ द्या, मग मऊ फडक्याने टिपा. खाली ठेवताना काच वर आणि दांड्या खाली.